मतपेटी आणि धनको

राजकारणी आणि बाजार या दोहोंवरील लोकांचा विश्वास उडाला, की त्याची कारणे लोकांच्याच अज्ञानात शोधण्याची खोड तज्ज्ञांना असते. २००९ नंतर युरोपात उद्भवलेल्या कर्जसंकटात हेच घडले. ग्रीक माणूस आळशी, करबुडवा, ऐपतीबाहेर जगणारा, असे चित्र रंगविण्यात आले. धनिकांच्या करचुकवेगिरीपुरते त्यात तथ्यही होते. परंतु सामान्य ग्रीक नागरिकाचा अविश्वास अज्ञानातून नव्हे, अनुभवातून जन्मला होता.

ऑक्टोबर २००९ मध्ये ‘पासोक’ हा समाजवादी पक्ष सुमारे ४४ टक्के मते मिळवून सत्तेवर आला. अर्थसंकल्पातील खरी तूट आधी दडविण्यात आली होती, हे लवकरच उघड झाले. अखेरच्या हिशेबात ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या १५ टक्क्यांवर गेली. वर्षानुवर्षे जवळजवळ जर्मनीच्याच दराने ग्रीसला कर्ज देणाऱ्या रोखेबाजाराने एकाएकी हात आखडता घेतला. मे २०१० मध्ये युरो गटातील देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी ११० अब्ज युरोंचे कर्ज मंजूर केले. अटींवर देखरेख युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी या त्रिकुटाची.

याला ‘बचाव’ म्हटले गेले. पण बचाव कोणाचा? या पैशाचा मोठा भाग जुन्या कर्जाच्या फेडीत गेला. बेफिकिरीने कर्जे देणाऱ्या बँकांना, त्यांत फ्रेंच व जर्मन बँकाही आल्या, अंग काढून घेण्यास अवधी मिळाला. वेतनातील व निवृत्तिवेतनातील कपात मात्र ग्रीक श्रमिकाच्या वाट्याला आली. २०१३ पर्यंत बेकारी २७ टक्क्यांवर गेली; राष्ट्रीय उत्पन्न सुमारे एकचतुर्थांशाने घटले. आपले अंदाज फाजील आशावादी ठरले, अशी कबुली नाणेनिधीनेच २०१३ मध्ये दिली. चूक कबूल झाली, पण तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांना ती परत मिळाली नाही.

राजकारणावरील विश्वास उडाला तो याच वाटेने. २०११ च्या अखेरीस पंतप्रधान पापांद्रेऊ यांनी कर्जाच्या अटींवर सार्वमत घेण्याचे जाहीर करताच युरोपच्या राजधान्या हादरल्या. सार्वमत गुंडाळले गेले, पापांद्रेऊ पायउतार झाले, आणि युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी उपाध्यक्ष पापादेमोस पंतप्रधान झाले. त्याच महिन्यात इटलीत युरोपीय आयोगाचे माजी सदस्य मोंती यांच्याकडे सत्ता आली. दोघांनाही मतदारांनी त्या पदासाठी निवडले नव्हते. पुढे ५ जुलै २०१५ रोजी ग्रीक जनतेने सार्वमतात ६१ टक्के मतांनी धनकोंच्या अटी फेटाळल्या. अवघ्या आठ दिवसांत सिरिझाच्या डाव्या सरकारने तितक्याच कठोर अटी मान्य केल्या. मत दिले काय आणि न दिले काय, निर्णय अन्यत्रच होणार, असे नागरिकास वाटल्यास दोष कोणाचा?

समाजवाद्यांना यातून अंग काढून घेता येणार नाही. कपातीच्या पहिल्या कायद्यांवर समाजवादी सरकारचीच सही होती. जानेवारी २०१५ मध्ये पासोकला पाच टक्केही मते मिळाली नाहीत. दरम्यान जून २०१२ मध्ये ‘गोल्डन डॉन’ या नवनाझी पक्षाचे १८ सदस्य संसदेत पोहोचले होते. या पक्षाला न्यायालयाने २०२० मध्ये गुन्हेगारी संघटना ठरविले. लोकांच्या संतापाला डाव्यांनी दिशा दिली नाही, तर ती द्यावयास दुसरे कोणी टपलेलेच असते.

तथापि, २०११ च्या उन्हाळ्यात अथेन्सच्या सिंताग्मा चौकात आणि माद्रिदच्या पुएर्ता देल सोलमध्ये जमलेल्या हजारोंनी लोकशाही नाकारली नव्हती. चौकात सभा भरवून, प्रत्येकाला बोलावयास देऊन ते खरी लोकशाही मागत होते. तो अविश्वास म्हणजे लोकशाहीचे मरण नव्हते, तिची तक्रार होती. ती ऐकण्यासाठी पक्षाने प्रथम एक गोष्ट पाळावयास हवी: जे धनकोपुढे टिकविता येणार नाही, त्याचे वचन मतदाराला देऊ नये; आणि जे वचन दिले, त्यासाठी सत्ता सोडण्याचीही तयारी ठेवावी.