रस्ता कोणाचा?



'रस्ता' हा शब्द तुम्हांला नवा नाही. घरी उर्दू बोलताना तुम्ही तो रोज वापरता आणि मराठीतही तो तसाच आहे. बाजार, दुकान, दरवाजा, जमीन, हक्क हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. मराठीत असाच आणखी एक शब्द आहे, 'दुतर्फा'. दुतर्फा म्हणजे दोन्ही बाजूंना. 'रस्त्याच्या दुतर्फा झाडे होती' हे वाक्य तुम्ही मराठीच्या पुस्तकात वाचले असेल. हा शब्दही फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इथलाच होऊन राहिला.

शब्द राहिला, पण दुतर्फा झाडे राहिली आहेत का? गावाचा रस्ता रुंद करायचा ठरले की पहिली कुऱ्हाड कडेच्या झाडावर पडते. मग डांबर किंवा सिमेंट थेट दुकानाच्या पायरीपर्यंत येते. लोक म्हणतात, "रस्ता सुधारला." माझे मत वेगळे आहे. ज्या रस्त्यावरून लहान मूल आणि म्हातारा माणूस सावलीतून, न घाबरता चालू शकत नाही, तो रस्ता कितीही रुंद असला तरी सुधारलेला नाही. घाटनांदूरसारख्या वाढणाऱ्या गावाने आपला मुख्य रस्ता आताच नीट आखला पाहिजे. चालणाऱ्यासाठी जागा आणि झाडासाठी जागा आधी राखून ठेवली पाहिजे. उरलेली जागा वाहनांना द्यावी.

आपल्या गावाकडे पाहा. घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील, बालाघाटच्या डोंगराळ मुलखातील गाव. परळी आणि लातूर रोड यांच्या दरम्यानच्या रेल्वेमार्गावर आपले स्टेशन आहे. गाडीतून उतरलेला माणूस पिशवी घेऊन गावात येतो. आसपासच्या खेड्यांतील लोक खरेदीला येतात. तुम्ही दप्तर घेऊन शाळेत येता. तुमची आजी दवाखान्यात जाते, आजोबा नमाजासाठी मशिदीत जातात, आई भाजी आणायला जाते. यांतले बहुतेक लोक पायीच चालतात. मग रस्ता तयार करताना मोजमाप ट्रकचे का घ्यायचे? आजीच्या पावलांचे का नाही?

ही केवळ सोयीची गोष्ट नाही, जिवाची गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतील ३२,८२५ जण पादचारी होते. पादचारी म्हणजे पायी चालणारा. त्यांनी वेगाने गाडी चालवली नव्हती. ते फक्त चालत होते किंवा रस्ता ओलांडत होते. एका वर्षात इतके लोक जातात आणि आपण 'नशीब' म्हणून गप्प बसतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मोकळा आणि सुरक्षित पदपथ मिळणे हा पादचाऱ्याचा हक्क आहे आणि तो राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. म्हणून पदपथ मागताना आपण कोणाकडे मेहेरबानी मागत नाही.

रस्त्याच्या कडेला झाडे लावणे ही परदेशातून आलेली कल्पना नाही. सम्राट अशोकाने माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावले, आमराया लावल्या आणि तसे शिलालेखांत कोरून ठेवले. शेरशाह सूरीने १५४० ते १५४५ अशी अवघी पाच वर्षे राज्य केले. तेवढ्या काळात त्याने मोठ्या रस्त्यांवर झाडे लावली आणि वाटसरूंसाठी ठिकठिकाणी सराया बांधल्या. त्याच्या लढाया आपण परीक्षेपुरत्या पाठ करतो, पण त्याचा रस्ता आजही लोकांच्या तोंडी आहे.

दिल्लीच्या चांदनी चौकाचे नाव तुम्ही ऐकले असेल. शाहजहानची मुलगी जहांआरा बेगम हिने १६५० च्या सुमारास तो वसवला. रुंद रस्ता, मधून वाहणारा कालवा, झाडे आणि दोन्ही बाजूंना दुकाने अशी त्याची रचना होती. पुढे कालवा बुजला. मोटारी, रिक्षा आणि हातगाड्या यांच्या गर्दीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मग लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरचा भाग पुन्हा बांधण्यात आला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तो खुला झाला. सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत तेथे मोटारींना बंदी घातली गेली. पावणेचारशे वर्षांपूर्वी जी गोष्ट एका शहजादीला समजली होती, ती पुन्हा समजायला आपल्याला एवढा काळ लागला.

आता महाराष्ट्रात या. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी धोरण मंजूर केले. त्यानंतर जंगली महाराज रस्त्याचा काही भाग नव्याने रचला गेला. हा रस्ता जुन्या, मोठ्या झाडांसाठी प्रसिद्ध आहे. ती झाडे जागेवर ठेवून पदपथ रुंद केले, बसायला बाके ठेवली, सायकलींसाठी वेगळी पट्टी आखली. कामे अशीही होऊ शकतात, झाड न पाडता. पण त्याच रस्त्याने एक धडाही दिला. सायकलींच्या पट्टीवर आणि पदपथावर दुचाकी गाड्या उभ्या राहू लागल्या. रस्ता चांगला आखून भागत नाही. तो वापरणारे नागरिकही तसे असावे लागतात.

तुम्ही म्हणाल, "सर, दिल्ली-पुण्याचे ठीक आहे. आपल्या गावात एवढी जागा कुठे आहे?" चला, हिशेब करू. समजा, एक रस्ता १४ मीटर रुंद आहे. भारतीय रस्ते काँग्रेस ही संस्था रस्त्यांसाठी मापे ठरवून देते. तिच्या नियमाप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी. म्हणजे समोरासमोरून आलेली दोन माणसे एकमेकांना धक्का न लागता जाऊ शकतात. पदपथाच्या बाजूला झाडे, विजेचे खांब आणि बाके यांसाठी १.५ मीटरची पट्टी ठेवू. एका बाजूला ३.३ मीटर झाले, दोन्ही बाजूंना ६.६ मीटर. वाहनांसाठी ७.४ मीटर उरले. दोन बसगाड्या एकमेकींना ओलांडून जायला तेवढी जागा पुरते. रस्ता १२ मीटरच असेल तर झाडांची पट्टी एकाच बाजूला ठेवा. तरीही वाहनांना ६.९ मीटर मिळतात. हे गणित पाचवीच्या मुलालाही जमते. अडचण जागेची कमी आणि इच्छेची जास्त आहे.

झाडे कोणती लावायची, हाही विचार हवा. आपला भाग दुष्काळाचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे तुम्ही घरी ऐकले असेल. अशा मुलखात हिरवळीचे गालिचे आणि शोभेची रोपे लावणे म्हणजे पाण्याची उधळपट्टी. आपली झाडे कडुनिंब, चिंच, वड, पिंपळ, करंज. ती एकदा रुजली की आपले पाणी आपण शोधतात. वड आणि पिंपळ यांची मुळे दूर पसरतात, म्हणून ते चौकात किंवा मोकळ्या जागी लावावेत. रस्त्याच्या कडेला कडुनिंब उत्तम. विजेच्या तारांखाली मोठे झाड लावले तर दरवर्षी त्याचा शेंडा छाटला जातो. तेथे बहाव्यासारखे लहान झाड लावावे. रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर झाड पदपथाच्या पश्चिमेला हवे. दुपारनंतर सूर्य पश्चिमेकडे झुकतो आणि सावली बरोबर चालणाऱ्यावर पडते. शाळा सुटते तीही बहुधा त्याच वेळी. झाडाच्या बुंध्याभोवती निदान एक मीटर माती उघडी ठेवावी. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले तर पावसाचे पाणी मुळांपर्यंत पोहोचत नाही. मग एखाद्या वादळात झाड कोसळते आणि आपण दोष झाडाला देतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. खड्डा खणून, रोप लावून, फोटो काढून घरी जाणे याला वृक्षारोपण म्हणत नाहीत. २०१९ मध्ये आपल्या राज्याने ३३ कोटी झाडे लावण्याची मोहीम काढली होती. आकडा मोठा होता. पण झाड आकड्याने जगत नाही. ते तीन उन्हाळे पाणी घातल्याने आणि शेळीपासून जपल्याने जगते. आपल्याच जिल्ह्यात बीडजवळ पालवण येथे फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्ष संमेलन भरले होते. अभिनेते सयाजी शिंदे यांनी त्यात पुढाकार घेतला होता. त्या संमेलनाचे अध्यक्ष कोण होते, माहीत आहे? वडाचे झाड! उघड्या माळावर झाडे वाढवता येतात, तर गावाच्या रस्त्यावर का येणार नाहीत?

या कल्पनेला विरोध करणारेही असतील. त्यांचे म्हणणे आपण नीट ऐकले पाहिजे. दुकानदार म्हणतील, "गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक कसे येणार?" त्यांची काळजी खोटी नाही. माल उतरवण्यासाठी सकाळची ठरावीक वेळ ठेवता येईल. गाड्या उभ्या करायला जवळच एक जागा ठरवता येईल. पण भरधाव जाणारी मोटार दुकानात शिरत नाही. दुकानात शिरतो तो चालणारा माणूस. तो सावलीत रेंगाळला, बाकावर बसला, तर चार वस्तू जास्त घेईल. पुण्यातील लक्ष्मी रस्ता हा मोठा बाजार. तेथे ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन पाळला गेला आणि रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवून चालणाऱ्यांसाठी मोकळा केला गेला. आपल्या गावातही बाजार समितीने आणि दुकानदारांनी एक दिवस असा प्रयोग करून पाहावा. वाद घालण्यापेक्षा अनुभव घेणे बरे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. रस्ता 'सुंदर' करायचा म्हटले की आधी हातगाडीवाल्याला हटवतात. केळी विकणारा, चहा विकणारा, चप्पल शिवणारा, बांगड्यांची टोपली घेऊन बसलेली बाई, हे सारे एका दिवसात 'अडथळा' ठरतात. मला हे मान्य नाही. ज्या रस्त्यावर गरिबाला भाकरी कमावता येत नाही, त्याची सुंदरता काय कामाची? २०१४ च्या कायद्याने शहरांतील फेरीवाल्यांना विक्रीसाठी जागा ठरवून देण्याची तरतूद केली आहे. आपल्या गावानेही तोच न्याय पाळावा. झाडांच्या पट्टीत, दोन झाडांच्या मधल्या जागेत हातगाडी उभी राहू शकते. पदपथ मोकळा राहील, फेरीवाल्याला सावली मिळेल आणि गिऱ्हाइकालाही. रस्ता आखताना फेरीवाल्याला नकाशातच जागा दिली, तर पुढे त्याला हाकलण्याची वेळ येणार नाही.

तिसरे लोक म्हणतील, "गाव लहान आहे. एवढ्यात कशाला?" माझे उत्तर असे की, गाव लहान आहे म्हणूनच आताच करायचे. शहरात पदपथ रुंद करायला भिंती आणि दुकाने पाडावी लागतात, भरपाई द्यावी लागते, खटले चालतात. इथे आज फक्त रेघ आखायची आहे. दहा वर्षांनी तीच रेघ आखायला दहापट त्रास होईल. कडुनिंबाला डोक्यावर सावली धरायला पाच-सात वर्षे लागतात. आज सातवीत असलेला मुलगा कॉलेजात जाईल तेव्हा त्याने लावलेल्या झाडाखाली त्याची धाकटी बहीण शाळेत चालत जाईल.

मग तुम्ही काय करायचे? तुम्हांला अजून मत देता येत नाही, पण मोजता येते. पाचजणांचा गट करा. शिक्षकांना सोबत घ्या. सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्याची रुंदी चार ठिकाणी मोजा. एक तास कडेला सुरक्षित जागी उभे राहून किती माणसे पायी गेली आणि किती वाहने गेली, ते वहीत लिहा. कुठे झाड आहे, कुठे गटार उघडे आहे, कुठे म्हाताऱ्या माणसाला रस्त्याच्या मधून चालावे लागते, त्याची यादी करा. मग साधा नकाशा काढा. आपल्या राज्यात वर्षातून निदान चार ग्रामसभा होतात. तुमचे वडील, काका, आई तेथे जाऊ शकतात आणि बोलू शकतात. तुमचा नकाशा त्यांच्या हाती द्या. आकडे शुद्ध मराठीत, स्वच्छ अक्षरात लिहा. अर्जाची भाषा नम्र असावी, पण मागणी स्पष्ट असावी. मराठी शिकण्याचा हाही एक उपयोग आहे. ज्या भाषेत सरकारी कागद लिहिला जातो, ती भाषा ज्याला येते त्याचे म्हणणे कागदावर राहते.

आणि स्वतःकडेही पाहा. पदपथावर सायकल लावू नका. केळीची साल रस्त्यावर टाकू नका. लावलेल्या रोपाचे कुंपण मोडलेले दिसले तर ते नीट करा. तुमच्या वर्गाने एक झाड घेतले आणि दोन उन्हाळे त्याला रोज एक बादली पाणी घातले, तरी तुम्ही गावाला सावली दिली असे होईल.

रस्ता कोणाचा? जो सर्वांत हळू चालतो, त्याचा आधी. त्याची सोय झाली की बाकीच्यांची सोय आपोआप होते. येत्या रविवारी टेप घेऊन बाहेर पडा आणि मोजायला सुरुवात करा.