फळ्यावरची तारीख

दिवाळीत माझ्या धाकट्या बहिणीचा नातू आला होता. एका सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्न आहे. रात्री सगळे झोपल्यावर माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, मी परवा एका म्हातारीवर ओरडलो."

म्हातारी ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. काय होतंय विचारलं तर "कसंतरीच होतंय बघा, जीव राहीना" एवढंच सांगायची. मागे ही रांग, आदल्या रात्रीची ड्युटी, त्यात सिनियरची बोलणी. हा खेकसला, "नीट सांगता येत नाही का?" ती गप्पच झाली. पुढे काही सांगेना. आता दुखणं कळायचं ते तिच्या तोंडूनच की!

मला त्याचा नाही, माझाच राग आला. घरातल्यांना आठवत असेल, दहावीत त्याला गॅदरिंगच्या नाटकात काम मिळालं होतं. "आधी मार्क, नाटकं नंतर" असं सांगणारा मीच. मग दोन वर्षं लातूर. क्लास, खोली, मेस. नीटमध्ये मार्क पडले, आम्ही पेढे वाटले. चारचौघांत बोलणं, भांडण मिटवणं, राग आवरणं ज्या वयात शिकायचं, त्या वयात आम्ही त्याच्यापुढे फक्त प्रश्नपत्रिका ठेवल्या.

लोक म्हणतात, स्वभाव असतो एकेकाचा. मला हे पटत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझाही हात पोरांवर फार लवकर उठायचा. एकदा हेडमास्तरांनी बाजूला घेऊन सांगितलं, "राग आला की फळ्याकडे वळायचं आणि आजची तारीख लिहायची. सावकाश." ते स्वतःही तेच करायचे. काही दिवस मी एकाच तासाला चार वेळा तारीख लिहिली आहे! पण हात थांबला.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून वृत्ती, नीती आणि संवाद हा विषय आला आहे. पुढे विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबं दत्तक घ्यायची असंही ठरलं. चांगलंच झालं. आपलं अंबाजोगाईचं कॉलेज तर 1974 साली निघालंच खेड्यातल्या माणसांसाठी. पण तासाला शांतपणे बोलायला शिकवायचं आणि वॉर्डात पेशंटदेखत ज्युनियरला झापायचं, तर पोरगं यातलं काय उचलेल? आणि झोपच नसेल तर संयम येणार कुठून? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने 2024 साली निवासी डॉक्टरांना आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त काम नको आणि एक दिवस सुट्टी हवी, अशी शिफारस केली. ती पाळली गेली तर अर्धे प्रश्न तिथेच सुटतील.

आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांसाठी राज्याला 2010 साली कायदा करावा लागला, हे विसरून चालणार नाही.

असो. नातवाला मी तारखेची गोष्ट सांगितली. हसला. म्हणाला, "आजोबा, ओपीडीत फळा कुठे असतो?"

म्हटलं, "केसपेपर असतो ना? त्यावर लिही. सावकाश. आणि मग विचार, आजी, अजून काय होतंय?"

तुमच्या घरी कुणी दहावी-बारावीला असेल, तर यंदा त्याला गॅदरिंगला जाऊ द्या. मार्क काय, येतील.