दोनदा कोरे झालेले पत्र



मार्च महिना आला की आमच्या एदोगावात दोनच विषय असतात. साकुरा कधी फुलणार, आणि प्राप्तिकराचा अर्ज 15 तारखेच्या आत भरून होणार की नाही. पहिला विषय आपल्या हातात नाही. दुसरा असतो, पण आपण तो शेवटच्या रविवारपर्यंत ढकलतो. असो.

यंदा अशाच एका रविवारी निशी-कासाईत आमच्या शेजारच्या इमारतीत राहणारा एक तरुण दारात उभा राहिला. हातात प्लॅस्टिकची फाइल, चेहरा उतरलेला.

"काका, जरा बघता का? माझ्या पावत्याच गेल्या."

"हरवल्या?"

"नाही हो, आहेत. पण त्यांच्यावर काहीच नाही!"

तीन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचा जन्म झाला. त्या वर्षी इस्पितळ, औषधे, अपरात्री केलेल्या टॅक्सी असा भरपूर खर्च झाला होता. जपानमध्ये वर्षाचा वैद्यकीय खर्च विम्याचे मिळालेले पैसे वजा जाता साधारणपणे एक लाख येनांच्या वर गेला, तर वरच्या रकमेवर करात सवलत मिळते. राहून गेले असेल, तर पाच वर्षांपर्यंत मागता येते. 2017 सालच्या हिशेबापासून पावत्या अर्जाला जोडाव्या लागत नाहीत, नुसती यादी भरायची. पावत्या मात्र पाच वर्षे घरी जपून ठेवायच्या, कारण कर कार्यालय त्या मागू शकते. पठ्ठ्याने जपल्या होत्या. एकेक पावती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून फाइल खिडकीजवळच्या कपाटावर ठेवली होती. इस्पितळाच्या साध्या कागदावरच्या पावत्या शाबूत होत्या. औषधांच्या दुकानाच्या आणि टॅक्सीच्या चिठोऱ्या मात्र लग्नाआधीच्या पत्रिकेच्या मसुद्यासारख्या कोऱ्या करकरीत.

आमच्या सौ. आतून म्हणाल्या, "त्याला अण्णांच्या पत्राचं सांगा की!"

तर तीच गोष्ट आज तुम्हालाही सांगतो.

1998 साली आमची लेक इथेच जन्मली. तेव्हा निशी-कासाईत मराठी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. गावाकडे टेलिफोन करायचा म्हणजे एक डोळा घड्याळावर. पण घरात फॅक्सचा टेलिफोन होता. जपानी माणसाला हाताने कांजी लिहिण्याची सवय, त्यामुळे फॅक्स इथे घरोघरी पोचला होता. तो इतका रुजला की 2020 च्या कोरोनात सुद्धा डॉक्टर रुग्णांची माहिती आरोग्य केंद्रांना फॅक्सनेच कळवत होते, आणि 2021 साली सरकारी कचेऱ्यांतून फॅक्स काढायचे ठरले, तेव्हा कचेऱ्यांनीच कुरकुर केली!

आमचे अण्णा साताऱ्याला. आम्ही त्यांना नंबर कळवला आणि नवा रोल घालून वाट पाहत बसलो. त्यांच्याकडे रात्रीचे नऊ, आमच्याकडे साडेबारा. यंत्र किणकिणले, कागद सरसर बाहेर आला. एक पान, दुसरे पान. दोन्ही पांढरी शुभ्र!

दुसऱ्या दिवशी फोन केला.

"अण्णा, कागद कोरा आला."

"कोरा कसा येईल? मी समोर उभा होतो. बूथवाल्यानं पैसे कोऱ्याचे नाही घेतले!"

दोष बूथवाल्याचा नव्हता, आमचा होता. रोल उलटा बसला होता. या यंत्रात शाई नसते, रिबन नसते. शाई कागदातच असते, आणि ती एकाच बाजूला. एक रंगहीन रंगद्रव्य आणि एक आम्लासारखे द्रव्य यांचा पातळ लेप कागदाला दिलेला असतो. यंत्रात ओळीने बारीक बारीक तापणारे ठिपके असतात. ठिपका तापला की तेवढ्या जागी लेप वितळतो, दोन्ही द्रव्ये एकमेकांना भेटतात आणि काळा रंग उमटतो. लेपाची बाजू ठिपक्यांकडे नसली, तर यंत्र इमानेइतबारे सगळे पत्र छापते आणि कागदावर काहीच उमटत नाही.

ओळखायचे कसे? नखाने ओरखडा काढायचा. ज्या बाजूला काळी रेघ उठेल, ती लेपाची. रोल घालण्यापूर्वी डिंक लागलेला पहिला वेढा फाडून टाकायचा, कागद सरळ थोडा बाहेर ओढून ठेवायचा आणि झाकण दोन्ही कडांना दाबून 'खट्' असा आवाज येईपर्यंत बंद करायचे. कडेला रंगीत पट्टा दिसू लागला की रोल संपत आला. आज इथे आपल्या मंडळींची किराण्याची दुकाने आहेत, हॉटेले आहेत. त्यांच्या गल्ल्यावरच्या बोटभर रुंद रोललाही हेच नियम लागू.

अण्णांनी तिसऱ्या दिवशी पुन्हा पैसे मोजून तेच पत्र पाठवले. या वेळी अक्षर न् अक्षर उमटले. पहिल्या पानावर नातीसाठी नावे, आणि प्रत्येक नावापुढे ते का सुचले याची दोन ओळींची हकिकत. दुसऱ्या पानावर आईने सांगून लिहवून घेतलेले डिंकाच्या लाडवांचे प्रमाण. सौ.नी प्रमाण लगेच आपल्या वहीत उतरवून घेतले, कारण लाडू करायचे होते. पहिल्या पानातले एक नाव आम्ही ठेवले आणि पत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून अल्बममध्ये ठेवून दिले. जपायचे म्हणून!

अण्णा 2003 साली गेले. पुढे केव्हातरी अल्बम उघडला, तर पाकिटात दोन पिवळट कोरे कागद. मूळ पत्र अण्णांकडेच राहिलेले, कारण फॅक्सने नक्कल येते, कागद येत नाही. साताऱ्याच्या घरी शोध शोध शोधले, सापडले नाही. म्हणजे पत्र दोनदा कोरे झाले. एकदा आमच्या चुकीने तत्काळ, दुसऱ्यांदा आमच्याच चुकीने सावकाश.

त्याचे असे आहे की त्या दोन द्रव्यांचे लग्न कायमचे नसते. ऊन, उष्णता, दमट हवा, तेलकट हात आणि मुख्य म्हणजे प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात घातलेली तेलासारखी द्रव्ये त्यांची ताटातूट करतात. चिकटपट्टीचेही तेच. उलट उन्हात उभ्या गाडीत राहिलेली पावती काळीच पडते. तेव्हा असा कागद साध्या कागदी पाकिटात, अंधारात आणि कोरड्या जागी ठेवावा. त्याहून बरे म्हणजे त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात त्याची झेरॉक्स काढावी किंवा मोबाइलने फोटो घ्यावा. पुसट झालेल्या कागदाला इस्त्री लावू नये, सगळा काळा होईल. रंगीत स्कॅन करून उठाव वाढवून पाहावा. आणि लहान मुलांच्या हातात या चिठोऱ्या खेळायला देऊ नयेत. लेपातल्या बिस्फेनॉल-ए या द्रव्यावर युरोपीय संघाने 2020 पासून कडक मर्यादा घातली आहे, ती उगीच नाही.

शेजाऱ्याच्या पावत्यांचे काय झाले? टॅक्सीचे पैसे कार्डाने दिले होते, त्यांच्या रकमा कार्डाच्या हिशेबात सापडल्या. औषधांच्या काही पावत्या उजेडात तिरक्या धरून वाचता आल्या. उरलेल्या त्याने सोडून दिल्या.

तो गेल्यावर लेकीने आमच्याकडून अण्णांचे ते पान मागून घेतले. ती आता मोठी झाली आहे, आणि "माझं नाव अण्णांना का सुचलं?" हा तिचा जुनाच प्रश्न. आम्हाला नाव आठवते, हकिकत आठवत नाही. तिने पान स्कॅन केले, संगणकावर बराच वेळ काहीतरी केले आणि आम्हाला हाक मारली. पडद्यावर करड्या धुक्यात वरची एकच ओळ दिसत होती. अण्णांच्या वळणाचे ते "अनेक आशीर्वाद" आम्ही ओळखले. खालची हकिकत काही उठली नाही.

मंडळी, तुमच्याही ट्रंकेत, अल्बममध्ये अशी फॅक्सची पत्रे असतील. पुढच्या अंकाची वाट पाहू नका. या रविवारीच काढा, आणि वाचता येताहेत तोवर हाताने उतरवून घ्या. लाडवाचे प्रमाणही, आणि वरची हकिकतही.