रंगवलेली सावली

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात राजवाडा कापडावर उभा असतो. धानाची मळणी आटोपली की आरमोरी-वडसा पट्ट्यात गावोगावी मंडई म्हणजे जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती भरतात. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत नाटक रंगतं. मध्येच वारा सुटतो, रंगवलेला महाल डुलतो, खांबाला बाक येतो. प्रेक्षक जागचा हलत नाही. त्याची नजर खांबावर नसतेच, ती नटाच्या चेहऱ्यावर खिळलेली असते.

असाच वाकडा खांब १९२० साली बर्लिनच्या पडद्यावर मुद्दाम आला. रॉबर्ट वीनच्या 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी'साठी हेर्मान वार्म, वाल्टर राइमान आणि वाल्टर रोरिग यांनी सारं गावच रंगवलं : कलती घरं, सुरीसारख्या टोकदार खिडक्या, जमिनीवरचे उजेडाचे पट्टेसुद्धा कुंचल्यानं ओढलेले. भेदरलेल्या मनाला जग जसं दिसतं तसंच ते उभं करायचं, हा जर्मन अभिव्यक्तिवादाचा गाभा. दोन वर्षांनी दिग्दर्शक मुर्नाऊच्या 'नोस्फेरातू'त पिशाच्च जिना चढतं, तेव्हा भिंतीवर दिसते फक्त त्याची सावली, लांब नखांची. भयपटांनी ती सावली आजवर सोडलेली नाही.

हिचकॉक १९२४ साली बाबेल्सबर्गच्या स्टुडिओत काम करत होता. मुर्नाऊचं चित्रीकरण त्यानं तिथं जवळून पाहिलं. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग १९३३मध्ये जर्मनी सोडून पुढं हॉलिवूडला गेला. तिथल्या काळोख्या गुन्हेपटांमध्ये ही सारी शिदोरी उतरली.

मराठी माणसाला मात्र यासाठी हॉलिवूडकडे पाहायची गरज नाही. त्याच १९३३ साली व्ही. शांताराम 'सैरंध्री'च्या रंगीत प्रती काढायला जर्मनीला गेले होते. रंग मनासारखे उतरले नाहीत, पण तिथलं चित्रपटांचं काम डोळ्यांत साठवून ते परतले. त्यांची प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली आणि नव्या स्टुडिओत पहिला चित्रपट झाला तो 'अमृतमंथन', १९३४चा.

त्याची सुरुवात पाहावी. तळघरात चंडिकेचे भक्त जमलेत. ज्योती फडफडतात, भिंतींवर सावल्या थरथरतात, कॅमेरा खालच्या अंगानं गोल फिरत राहतो. राजानं बळी बंद केलेत, म्हणून राजगुरू त्याच्याच मृत्यूचा हुकूम सोडणार आहे. हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा एकच डोळा पडदाभर होतो. आधी तो डोळा, मग आवाज. राजगुरूची सत्ता कशी चालते हे सांगायला संवाद लागतच नाही. मराठीत हीच भूमिका केशवराव दात्यांनी केली.

शांतारामांनी जर्मनांची नक्कल केली, असं म्हणून हा चित्रपट बाजूला सारणं अन्यायाचं आहे. कॅलिगरीच्या शेवटी सारी गोष्ट एका वेड्याच्या डोक्यातली ठरते आणि सत्तेवरचा आरोप बोथट होतो. 'अमृतमंथन'मधली सावली कुणाच्या भासातली नाही. ती धर्माच्या नावानं रक्त मागणाऱ्याची आहे, आणि तो खराखुरा माणूस आहे. नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरची ही गोष्ट जिवंत बळीच्या प्रथेला थेट भिडते. तंत्र बर्लिनचं असलं तरी भांडण इथलंच होतं.

तिकडे मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये तर खुद्द जर्मन छायालेखकच कॅमेऱ्यामागे होता. म्युनिकचा जोसेफ विर्शिंग १९२५च्या 'प्रेम संन्यास'साठी भारतात प्रथम आला. दुसऱ्या महायुद्धात त्याला नजरकैदेत राहावं लागलं, तरी तो इथंच राहिला. 'महल'मधला (१९४९) पछाडलेला काळोख त्यानंच टिपलेला.

प्रभातच्या त्याच पुण्यातल्या आवारात १९६०पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मुलं तिथं ही छायाप्रकाशाची भाषा शिकतात आणि ते योग्यच आहे. पण कॅलिगरी आणि 'अमृतमंथन' आरमोरीच्या मंडपातही यायला हवेत, मंडईच्या दिवसांत, नाटकाच्या आदल्या रात्री. नटाच्या चेहऱ्यावर रात्रभर नजर ठेवणारा प्रेक्षक तिथं आहे. रंगवलेल्या भिंती त्याला बुचकळ्यात टाकणार नाहीत, आणि राजगुरूचा तो डोळा मंडपभर पसरला की पुढचे संवाद कळायला त्याला कुणाची मदत लागणार नाही.