चोर दिसतो, चेहरा दिसत नाही

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक ठरावीक व्हिडिओ येतो. माणसं बदलतात, प्रसंग तोच. पार्किंगमध्ये एक इसम शिरतो, इकडेतिकडे बघतो, कुणाची तरी सायकल उचलतो आणि चालू लागतो. डोक्याला टोपी, मान खाली. लगेच ग्रुपवर संतापाची लाट. कुणी म्हणतं पोलिसांत द्या, कुणी म्हणतं वॉचमन काय करत होता. मग एखादा उत्साही सभासद चित्र मोठं करून पाठवतो आणि त्या इसमाच्या तोंडाच्या जागी आठदहा करडे चौकोन दिसतात. कॅमेरा चालू होता, रेकॉर्डिंग झालं, चोरही दिसला. तो कोण, एवढंच कळलं नाही.

घरातला राऊटर मला नीट करता येतो, एवढ्या भांडवलावर नातेवाईक मला वायफाय कॅमेऱ्यांबद्दल विचारतात. दिवाळीचे सेल लागले की फोन सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला: दोन मेगापिक्सेलचा घेऊ की चारचा? मी उलट विचारते, कॅमेरा लावणार कुठे? त्यावर बहुतेक जण "वर, कोपऱ्यात, म्हणजे सगळं दिसेल" असं सांगतात. गडबड तिथेच आहे.

सुरक्षा कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकातून रूढ झालेला एक साधा हिशेब आहे. चित्रात कुणीतरी आहे एवढं कळायला एक मीटर रुंदीमागे २५ पिक्सेल पुरतात. माहितीतला माणूस ओळखायला १२५ लागतात. अनोळखी माणसाची ओळख नक्की पटवायची तर २५०. नेहमीच्या फुल एचडी कॅमेऱ्याचं चित्र आडवं १९२० पिक्सेलचं असतं. भागून बघा: जेमतेम पावणेआठ मीटर रुंदीचं दृश्य. कॅमेऱ्याचा आडवा कोन ११० अंशांचा असेल (खोक्यावर हा आकडा फार अभिमानाने छापलेला असतो), तर एवढी रुंदी कॅमेऱ्यापासून पावणेतीन मीटरवरच भरते. म्हणजे नऊ फूट. त्यापलीकडचा माणूस हा माणूस आहे, पुरुष आहे, टोपी घातली आहे, इतपत सांगता येईल. चार मेगापिक्सेलचा घेतलात तर नवाचे बाराएक फूट होतील. पार्किंगच्या छताजवळ टांगलेला कॅमेरा सगळं दाखवतो आणि ओळख कुणाचीच सांगत नाही, त्याचं कारण हे.

म्हणून जिथून माणसाला जावंच लागतं अशी चिंचोळी जागा शोधावी. दाराची चौकट, जिन्याचं वळण, फाटकाचा खांब. तिथे डोक्याच्या जरासाच वर एक साधा कॅमेरा लावला, तरी तो कोपऱ्यातल्या महागड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सला हे १९६६ सालीच उमगलं होतं. ड्यूटीच्या वेळा विचित्र, नवरा अनेकदा घराबाहेर, पोलीस यायला उशीर. तिने दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं पाडायची, आतून कॅमेरा वरखाली सरकवायचा आणि दाराबाहेरचा माणूस खोलीतल्या पडद्यावर बघायचा, अशी यंत्रणा नवऱ्याच्या मदतीने रचली. १९६९ मध्ये तिला पेटंट मिळालं. दारात कोण उभं आहे, एवढाच तिचा प्रश्न होता. अंगण, रस्ता आणि समोरच्यांची गॅलरी तिला बघायची नव्हती.

आता वायरलेसचं. बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत चित्र तेवढं हवेतून जातं, वीज वायरनेच लागते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये याने फारसं बिघडत नाही. आमच्या गावच्या घरात मात्र सगळंच बिघडतं. देवरूखच्या अलीकडे आमचं जांभ्याचं कौलारू घर आहे. मालकी चार चुलत घरांची आणि गणपती व मे महिना सोडला तर कुलूप. तिथे कॅमेरा लावावा असं गेल्या उन्हाळ्यात ठरलं आणि त्या निमित्ताने मला या वस्तूची खरी ओळख झाली.

जांभ्याच्या दीड फुटी भिंतीपुढे वायफाय दमतं. राऊटर माजघरात आणि कॅमेरा मागच्या पडवीत, हे जमत नाही. कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. हा पट्टा ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतीतून बरा जातो, पण बरा म्हणजे किती, याला मर्यादा आहे. भिंतीला ड्रिल लावण्याआधी फोन घेऊन त्या जागी उभं राहावं आणि घरच्याच वायफायवर व्हिडिओ कॉल लावून बघावा. समोरच्याचा चेहरा गोठला तर कॅमेऱ्याचंही तेच होणार. मग विजेचं. वळवाचा पहिला गडगडाट झाला की वीज जाते. कॅमेरा बॅटरीचा घेतला तरी राऊटर विजेवरच असतो. त्याच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, तो काही तास ओढतो. कोकणात वीज काही तासांतच परत येईल असं मी कुणाला सांगणार नाही.

बॅटरीवरचा कॅमेरा बहुतेक वेळ झोपलेला असतो. अंगाच्या उष्णतेची हालचाल जाणवली की तो जागा होतो आणि मग रेकॉर्डिंग सुरू करतो. जागं व्हायला जो एखाद-दुसरा सेकंद जातो, तेवढ्यात झपाझप चालणारा माणूस पुढे निघून गेलेला असतो आणि पडद्यावर त्याची पाठ येते. सौर पट्टी जोडता येते. ती मार्चमध्ये झकास चालते. जुलैमध्ये कोकणात सूर्याचीच वाट बघावी लागते, तिथे पट्टी काय करणार? खोक्यावर आयपी ६५ किंवा ६६ लिहिलेलं असलं तर कॅमेरा पावसात टिकतो, पण बघतो काय हा वेगळा प्रश्न. रात्री तो डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात बघतो. त्या प्रकाशात पावसाचा थेंब, पतंग आणि भिंगासमोर जाळं विणून बसलेला कोळी, सगळे पांढरेशुभ्र चमकतात. प्रत्येक चमकेला फोनवर घंटी.

सिमकार्डाचा कॅमेरा घ्यावा, असा एक पर्याय पुढे आला. हिशेब केला. सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे बऱ्यापैकी काटकसरीने, चित्र पाठवलं तरी चोवीस तासांत जवळपास अकरा जीबी लागतात. रोज दीड जीबीचा पॅक मारला तर तो सव्वातीन तासांत संपला. तेव्हा हालचाल झाली तरच पाठव असं त्याला सांगायचं, आणि हालचाल करायला आमच्याकडे वानरं आहेत. आमची आजी म्हणायची, जागेच्या राखणदाराला वर्षाची राखण आणि नारळ दिला की तो रात्रभर फिरतो. त्याला रिचार्ज लागत नसे.

हे सगळं बोलून झाल्यावर थोरल्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, शांतपणे विचारलं, "ॲप कुणाच्या फोनवर असणार?"

माझ्या मते कॅमेरा घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे आणि तो दुकानात कुणी विचारत नाही. या कॅमेऱ्यांचं मुख्य खातं एकाच्या नावाने असतं, बाकीचे पाहुणे. मुख्य खातेदार कुणालाही जोडू शकतो, काढू शकतो, जुनं रेकॉर्डिंग पुसू शकतो. पुष्कळ घरांत तर लावायला आलेला पोरगा घाईत स्वतःच्याच ईमेलवर खातं उघडतो आणि घरमालक स्वतःच्या घरात पाहुणा होतो. शिवाय कॅमेऱ्याला कान असतात. दादाचं म्हणणं रास्त होतं: मे महिन्यात आम्ही पडवीत बसून बोलतो, ते तुम्ही पुण्यात बसून ऐकणार का? पडवीत काय बोललं जातं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. वाटण्या.

कोलकात्यात एका घरातल्या भावांचा असाच वाद न्यायालयात गेला. सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवणं म्हणजे त्यांच्या खासगीपणावर घाला, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने दिला आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच सांगितलं होतं. पण तेव्हा आपल्याला ते सरकारविरुद्धचं प्रकरण वाटलं होतं. ते सख्ख्या भावाविरुद्धही लागू पडतं, याची भाऊबंदकीत मुरलेल्या आपल्या मुलखाने नोंद घ्यायला हवी. फ्लॅटवाल्यांनीही घ्यावी. दारावरच्या कॅमेऱ्याला समोरच्यांचं दार आतपर्यंत दिसत असेल तर कोन बदला किंवा ॲपमध्ये तेवढा भाग काळा करा, ती सोय बहुतेकांत असते.

आमचं असं ठरलं: एक कॅमेरा फाटकाकडे, एक मागच्या दाराबाहेर. माइक बंद. खातं चौघांनी मिळून उघडलेल्या ईमेलवर, पासवर्ड चौघांकडे. आणि घरात कुणी राहायला गेलं की त्याने खुशाल प्लग काढून ठेवावा.

रेकॉर्डिंग ठेवायचं कुठे, यावरही डोकं खाजवावं लागलं. कॅमेऱ्यातल्या कार्डावर ठेवलं तर चोर कॅमेऱ्यासकट पुरावा नेतो. शिवाय १२८ जीबीच्या कार्डावर सतत रेकॉर्डिंग केलं तर वर सांगितलेल्या वेगाने ते साधारण अकरा-बारा दिवसांत भरतं आणि जुन्यावर नवं चढतं. जूनमध्ये कुलूप फुटलं आणि आपण गणपतीला पोचलो, तर कार्डावर फक्त ऑगस्टमधला पाऊस असेल. बंद घराला सततचं रेकॉर्डिंग कुचकामाचं. घटनेपुरत्या क्लिप घराबाहेर, म्हणजे कंपनीच्या क्लाउडवर, जायला हव्यात आणि त्याचे बहुधा महिन्याला पैसे पडतात. कॅमेऱ्याची किंमत विचारताना हे पैसेही विचारा. दोन वर्षांत ते कॅमेऱ्याहून जास्त होऊ शकतात. कार्ड घालायचंच तर सततच्या लेखनासाठी बनवलेलं घाला; फोनमधलं जुनं काढून घातलेलं लवकर दगा देतं.

आणि क्लिप मिळाली म्हणून पुरावा झाला असं नाही. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याच्या निकालाचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या व्हिडिओवर येऊन ठेपला होता. त्यात २०२० च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मूळ उपकरणच हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ मध्ये आहे. ग्रुपवर फिरून फिरून चेपलेल्या व्हिडिओवर विसंबू नये. मूळ कार्ड काढून जपून ठेवावं आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना, ते आधीच बघून ठेवावं.

"कुठल्या कंपनीचा?" हा प्रश्न अजून उरलाच. नाव मी सांगत नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या, तो मिराई नावाच्या व्हायरसचा प्रताप होता. त्याची फौज होती घराघरांतले कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर, कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता असे. आपल्याकडे २०२५ च्या सुरुवातीला राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणी खोलीचं चित्रीकरण बाहेर विकलं जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. तिथला पासवर्ड 'ॲडमिन१२३' होता, असं बातम्यांत आलं. बाहेरचे चोर राहू द्या, आतले बघा: अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ॲमेझॉनच्या 'रिंग' कंपनीवर ठपका ठेवला, की तिच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या खासगी चित्रफिती बघता येत होत्या आणि एकाने बायकांच्या हजारो फिती बघितल्या. कंपनीने ५८ लाख डॉलर भरायचं मान्य केलं. नावाजलेली कंपनी घेतली की निश्चिंत झोपावं, असं यातून काही निघत नाही.

आपल्या सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत. तेव्हा त्यानंतरचं प्रमाणित मॉडेल आहे का ते विचारा आणि गोदामात पडलेला जुना माल 'ऑफर'मध्ये उचलू नका. लांब पासवर्ड ठेवा, ओटीपीची दुसरी कडी लावा. आणि न्हाणीघर, झोपायची खोली, कपडे बदलायची जागा इथे कॅमेरा नको. जो कॅमेरा तिथे नाही, त्याचं चित्रीकरण जगातला कुठलाही हॅकर पळवू शकत नाही.

घराच्या आतल्या कॅमेऱ्याबद्दल मी मुळातच साशंक आहे. तो चोरासाठी म्हणून येतो आणि बघत बसतो स्वयंपाकाच्या मावशींना, नातवंडांना आणि सगळ्यात जास्त एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना. त्यात माया असते हे मला मान्य आहे. पडलेबिडले तर कळायला हवं, हेही खरं. माझी नाशिकची आत्या ब्याऐंशी वर्षांची. तिचा मुलगा न्यू जर्सीला. त्याने हॉलमध्ये वायफाय कॅमेरा लावायचं ठरवलं आणि मॉडेल निवडायचं काम माझ्याकडे दिलं. मी त्याला सांगितलं, आधी तिला विचार.

त्याने विचारलं. आत्याने सगळं नीट ऐकून घेतलं. दारावरचा बेलचा कॅमेरा तिला पसंत पडला, कारण त्याचं ॲप तिच्याच फोनवर राहणार होतं आणि कुरिअरवाला आला की विक्रेता हे उठण्याआधी कळणार होतं. हॉलमधल्याबद्दल म्हणाली, "लाव की. पण मग तुमच्या डायनिंग टेबलावरही एक लाव आणि माझ्या फोनमध्ये जोडून दे. सूनबाई आणि तू रात्री काय जेवता, तेही बघत जाईन म्हणते."

हॉलचा विषय त्यानंतर त्याने काढलेला नाही.