पाठ्यपुस्तकातली पेशी आणि खारातला भात

पेणच्या खारपट्ट्यात उधाणाने बांधाला खांड पडली की भरतीचे पाणी भातशेतीत शिरते. पाणी ओसरते, मीठ मात्र मागे राहते. पुढच्या हंगामात तिथे लावलेले रोप पाण्यात उभे असूनही तहानलेले असते. मुळाभोवतीचे पाणी खारट झाले की ते आत ओढून घेणे रोपाला जड जाते. यामागचे तत्त्व परासरणाचे. बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या मुलांना ते नवे नसते. ऱ्हिओच्या पानाची जांभळी साल मिठाच्या द्रावणात ठेवायची, सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतला रस आक्रसताना पाहायचा, जर्नलमध्ये आकृती काढायची आणि सही घ्यायची. यातल्या काहींच्या घरची जमीनच खारात असते. पण काचपट्टीवरची पेशी आणि घरचे पिवळे पडलेले रोप यांची गोष्ट एकच आहे, हे ओळखायला लावणारा प्रश्न परीक्षेत सहसा येत नाही.

प्राणिशास्त्रातही वेगळे चित्र नाही. मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनची आकृती सगळ्यांना पाठ असते. लेप्टोस्पायरा हा जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडातल्या याच सूक्ष्म नलिकांमध्ये मुक्काम करतो. उंदीर बहुधा ठणठणीत असतो. जिवाणू त्याच्या लघवीवाटे बाहेर पडतो आणि साचलेल्या पाण्यातून, चिखलातून माणसाच्या पायावरच्या जखमेवाटे शरीरात शिरतो. लावणीच्या दिवसांत चिखलात काम केलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले तर दुखणे अंगावर काढण्यात धोका असतो. वेळेत डॉक्टर गाठला तर साध्या प्रतिजैविकांनी हा आजार बरा होऊ शकतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर बेतते. नेफ्रॉन शिकलेली मुलगी ज्या घरात आहे, त्या घराला तरी हे ठाऊक असायला हवे.

तीन वर्षांचे जीवशास्त्र शिकून विद्यार्थ्याला नावे येतात, वर्गीकरण येते, आकृत्या येतात. आपल्या भोवतालचा सजीव ओळखणे, मोजणे आणि त्याची नोंद ठेवणे मात्र क्वचितच येते. दोष केवळ शिक्षकांचा नाही. अभ्यासक्रम मोठा, परीक्षा दर सहा महिन्यांनी आणि अनेक ठिकाणी शिकवणारे तासिका तत्त्वावर. पूर्वी निदान बेडूक किंवा झुरळ हाताखाली येत असे. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातल्या विच्छेदनावर बंदी आणली. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्या रिकाम्या तासांत तक्ते आणि पडद्यावरची चित्रे आली. विद्यार्थी ओढ्याकाठी, खाडीकाठी किंवा शेताच्या बांधावर जायला हवा होता, ते फारसे झाले नाही.

आपल्या परिसराकडे बारकाईने पाहिल्याने काय होते, याचे उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत होती. त्यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्यावरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. या सगळ्याची सुरुवात महागड्या यंत्राने झाली नव्हती. समोर जे घडते आहे ते लिहून ठेवण्याच्या सवयीने झाली होती. ती सवय पदवीच्या वर्गात लावता येते.

त्यासाठी आता सोयही आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना श्रेयांक ठेवले आहेत. हे श्रेयांक इंटरनेटवरून उतरवलेल्या वीस पानी फाइलीवर खर्च करायचे की कुंडलिकेवर, हे महाविद्यालयांनी ठरवायचे आहे. भिरा वीजगृहातून सुटलेले पाणी घेऊन ही नदी कोलाडवरून रोह्याला येते, धाटावच्या रासायनिक वसाहतीजवळून जाते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. कोलाड, रोहा आणि खाडीचे मुख या तीन ठिकाणी दर महिन्याला पाण्याचे तापमान, सामू, क्षारता आणि विरघळलेला प्राणवायू मोजायचा. या चाचण्या पदवीच्या प्रयोगशाळेत होतातच. पेणमध्ये हेच खारबंदिस्तीच्या आतल्या-बाहेरच्या मातीचे करता येईल; तिवर आणि चिपी कुठवर आत आले, तेही नोंदवता येईल. एका तुकडीने वही पुढच्या तुकडीकडे सोपवायची. दहा वर्षांनी त्या वहीत जे असेल, ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

यावर आक्षेप येतील. मुंबई विद्यापीठाचा अभ्यासक्रम चर्चगेटला आणि पेणला एकच आहे, हा पहिला. पण तत्त्व एक असले तरी उदाहरण आपापल्या गावचे घ्यायला कुणाची हरकत नसते. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो खरा आहे. म्हणून भरतीचे वेळापत्रक पाहून, शिक्षकांसोबत, गटानेच जायचे, आणि पायात गमबूट हवेतच. तिसरा आणि सर्वांत मोठा प्रश्न नोकरीचा. पाणी तपासणे, नमुना नीट घेणे, आकडे प्रामाणिकपणे लिहिणे ही कामे रोग निदान प्रयोगशाळेपासून कारखान्यातल्या सांडपाणी विभागापर्यंत सगळीकडे लागतात. आकृती सुबक काढता येते म्हणून कोणी नोकरीवर ठेवत नाही.

शेतीचे उदाहरणही दूरचे नाही. पेणहून तासाभराच्या वाटेवर पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणारे ‘पनवेल’ मालिकेतले भाताचे वाण तिथलेच. परासरणाचा धडा शिकवून झाला की वर्गाने एसटीने तिथे एकदा जाऊन यावे. मिठाच्या पाण्यात आक्रसणारी पेशी वर्गात पाहिली, तर मिठाला दाद न देणारे रोपही शेतात पाहायला मिळावे.