निनावी चिठ्ठीला उत्तर द्यायचं की नाही?

"स्वतःचं नाव लिहायची हिंमत नसेल, त्याने उत्तर मागू नये." हे वाक्य मी गेल्या वर्षभरात तीन जणांकडून ऐकलं. एक प्राध्यापक, एक पालक आणि तिसरा माझाच हापिसातला मित्र. तिघंही सज्जन माणसं आहेत, म्हणून सविस्तर भांडावंसं वाटलं. दुर्जनांशी कोण भांडत बसतो, आणि तेही शनिवारी!

आधी थोडी पार्श्वभूमी. मी कात्रपला राहतो. आमच्या पट्ट्यातल्या एका कॉलेजात (नाव देत नाही, कारण पुढे कळेल) दोन-तीन महिन्यांतून एकदा 'आयटीतलं करिअर' या विषयावर बोलायला जातो. पहिल्या वेळी "काही प्रश्न?" असं विचारल्यावर नेहमीचे चार हात वर झाले. पायथन शिकू की जावा, एआयमुळे नोकऱ्या राहतील का, फ्रेशरला पॅकेज किती. मग म्हटलं, कागदावर लिहून द्या, नाव नको. बुटाच्या एका रिकाम्या खोक्यात चाळीसेक चिठ्ठ्या जमल्या. घरी येऊन उघडल्या तर पायथनवर पाचच निघाल्या.

बाकीच्या कशावर होत्या? (ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) तीन एटीकेटी आहेत आणि घरी ठाऊक नाही. आडनाव कळल्यापासून ग्रुपमधली मुलं 'कोट्यातला' म्हणतात, हसून सोडून द्यायचं की काय करायचं? मला मुलंच आवडतात, हा आजार आहे का? रात्रभर झोप येत नाही आणि कशातच मन लागत नाही, आई म्हणते आळस आहे. पाळी चुकलीय, पण मेडिकलवाले काका पप्पांच्या ओळखीचे आहेत.

ही शेवटची चिठ्ठी ज्याला नीट कळली, त्याने खरं तर 'हिंमत' हा शब्द पुन्हा वापरू नये. दादर-डोंबिवलीत परवडत नाही म्हणून आमच्याकडे आलेली कितीतरी कुटुंबं वन बीएचकेत राहतात. चार माणसं, दोन खोल्या. फोनवर खासगी बोलायचं तर गच्चीत जावं लागतं आणि गच्चीत सोसायटीचे सेक्रेटरी शतपावली करत असतात. डॉक्टर ओळखीचे, रिक्षावाला ओळखीचा, सात बावन्नला डब्यात शेजारी उभी राहणारी बाई आत्याची मैत्रीण. अशा गावात मुलगी प्रश्नाखाली नाव लिहीत नाही यात भित्रेपणा कुठून आला? ती अक्कल आहे.

मित्राचा मुद्दा वेगळा होता. तो म्हणाला, निनावीपणामुळे लोक बेजबाबदार होतात, कुणावरही काहीही आरोप करतात. हे खरंच आहे. पण इथे एक गल्लत होते. तक्रार आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रारीत दुसऱ्या माणसाचं नाव असतं. त्याला आपली बाजू मांडता आली पाहिजे, म्हणून समोर कुणीतरी उभं राहावं लागतं. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यातही तक्रार समितीकडे लेखी द्यावी लागते. पण "मला झोप येत नाही, हा आजार आहे का?" यात आरोपी कोण? हा प्रश्न कुणी विचारला याने उत्तरात काय फरक पडतो? सोळाव्या रांगेतल्या मुलाने विचारला काय आणि प्राचार्यांनी विचारला काय, उत्तर तेच. (प्राचार्यांनाही झोप येत नसेल, कुणी सांगावं.)

ही गल्लत सरकारी पातळीवरही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या बदलापुरात शाळेतल्या चिमुकल्यांवरच्या अत्याचाराची बातमी फुटली आणि २० तारखेला लोक रुळांवर उतरले. तो दिवस इथलं कुणी विसरणार नाही. त्यानंतर शासनाने शाळांसाठी आदेश काढला: सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. हेतू उत्तम. पण मी एके ठिकाणी पेटी पाहिली, ती बरोबर कॅमेऱ्याखाली टांगलेली. आत चिठ्ठी टाकणाऱ्याचं रेकॉर्डिंग होणार! ज्याने ही जागा ठरवली त्याला दोन्ही नियम पाळल्याचं समाधान मिळालं असणार. आपल्याकडच्या 'अनॉनिमस' एम्प्लॉयी सर्व्हेची आठवण झाली ना? प्रत्येकाला वेगळी लिंक, टीम चार जणांची, आणि वर "मोकळेपणाने लिहा".

आता तुम्ही म्हणाल, असले प्रश्न आजकालच्या पोरांचे, मोबाईलने बिघडवलंय. मग जरा मागे जाऊ. र. धों. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून त्यांना १९२५ मध्ये विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. वाचक त्यांना खासगी प्रश्न पाठवत आणि ते त्यांना सरळ उत्तरं देत, पाल्हाळ नाही, उपदेश नाही. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो याच प्रश्नोत्तरांवरून. विषय काय? हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध. म्हणजे मोबाईलच्या खूप आधी, अगदी माझ्या बुटाच्या खोक्यातलेच प्रश्न.

मुंबई हायकोर्टात कर्व्यांची बाजू मांडायला कोण उभं राहिलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे करार मागे टाकून आलेला माणूस एका छोट्या मासिकाच्या प्रश्नोत्तरांसाठी कोर्टात उभा राहतो, हे मला फार मोठं वाटतं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही. आणि लोकांच्या मनात चुकीच्या कल्पना असतील, तर ज्ञानाशिवाय त्या जाणार कशा? केस हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

पुढे काय झालं? २००७ मध्ये याच महाराष्ट्राने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले, आणि तरी आमच्याकडचा पोरगा खोक्यात चिठ्ठी टाकून विचारतोय, हा आजार आहे का. नाही रे बाबा, आजार नाही. एवढं एक वाक्य त्याला वर्गात कुणी सांगितलं नाही, कारण त्याने नाव घालून विचारलं नाही, आणि नाव घालून तो विचारणार नव्हता.

पाळी चुकलेल्या मुलीचंच घ्या. तिला हवं होतं ते उत्तर कायद्यात छापलेलं आहे. आधी साधी तपासणी कर, पाळी इतर कारणांनीही चुकते. गर्भ राहिला असेल आणि तुझं वय अठरा पूर्ण असेल, तर गर्भपातासाठी फक्त तुझी संमती लागते. आईवडिलांची सही लागत नाही, लग्नाचा दाखला लागत नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. तुझं नाव गुप्त ठेवणं ही डॉक्टरवर कायद्याने टाकलेली जबाबदारी आहे. २०२१ च्या दुरुस्तीने आणि २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने अविवाहितेचा हक्क आणखी स्पष्ट केला. मनाने गोळ्या आणून घेऊ नकोस. (हे मी पदरचं लिहीत नाही. वैद्यकीय उत्तरं एक डॉक्टर मैत्रीण तपासून देते. मी जावावाला माणूस.)

हे दहा ओळींचं उत्तर नोटीस बोर्डवर लावू या म्हटलं, तर सर म्हणाले, "अहो, याने मुलांना प्रोत्साहन मिळेल." कशाचं? माहिती असण्याचं? त्यांनी त्याऐवजी 'तारुण्य आणि संस्कार' या विषयावर व्याख्यान ठेवलं. पाळीचं नाव निघालं नाही. पोरांनी मागच्या बाकांवर रील्स पाहिल्या.

कुणी म्हणेल, हे काम समुपदेशकाचं आहे. मान्य! जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंच आहे की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. एनसीआरबीच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपला जीव घेतला, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले. सर्व राज्यांत सर्वाधिक. तेव्हा समुपदेशक नेमा, आजच नेमा. पण त्याची केबिन स्टाफरूमसमोर असेल आणि दारावर मोठी पाटी असेल, तर तिथे जाणारा मुलगा दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये 'मेंटल' होतो. चिठ्ठी ही त्या केबिनची पहिली पायरी आहे.

चिठ्ठीची मर्यादाही आहे, ती लपवत नाही. एका चिठ्ठीतला सूर वाचून मी रात्री जागा राहिलो. कुणाची ते ठाऊक नाही, शोधायचं कुठे? तेव्हापासून खोक्यावरच मोठ्या अक्षरांत लिहितो: जगणं नको वाटत असेल तर उत्तराची वाट पाहू नका, आत्ता १४४१६ ला फोन करा. ही टेलि-मानसची सरकारी सेवा, मोफत, चोवीस तास. पुढच्या खेपेला हेच वर्गात तोंडाने सांगितलं, दोनदा.

आता पुन्हा जायचं आहे. सरांनी निरोप पाठवलाय की पेटी ठेवा, पण चिठ्ठ्या आधी ऑफिसात 'नजरेखालून' जातील. मी कळवलंय, मग पेटी नको, पायथनवर बोलून येतो, आणि चिठ्ठ्यांसाठी बसस्टॉपशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे खोकं ठेवतो. तो तयार आहे. त्याचं दुकान पाच वाजता उघडतं आणि कॅमेरा दोन वर्षं बंद आहे.